इंदूरमध्ये बसून न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाची सीएलई क्रेडिट : एकच ऑनलाइन सत्र सगळीकडे धरतात का?

रामबाग_इंदूर

नमस्कार मंडळी. एम. जी. रोडवर हायकोर्टाजवळ लहानसं ऑफिस आहे. काम करारांचं, अशील बहुतेक परदेशातले. आम्ही तिघं, आणि तिघांच्या सनदांचा घोळ असा :

माझ्याकडे जबलपूरच्या बार कौन्सिलची सनद आहेच, न्यूयॉर्कची शपथ होऊन सात महिने झाले. भागीदारांकडे न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया दोन्ही, दहा वर्षांहून जुनी, दोन्हीकडे चालू. तिसरी सहकारी इंग्लंडची सॉलिसिटर, प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट दरवर्षी नवं करते.

विचार असा होता की सीएलईचा, म्हणजे सनद चालू ठेवायला वकिलाने करत राहायच्या शिक्षणाचा, एखादा चांगला ऑनलाइन कोर्स घ्यायचा, कॉन्फरन्स रूममध्ये मोठ्या पडद्यावर लावायचा आणि तिघांचंही काम एकदम उरकायचं. असं चालतं का? थेट प्रक्षेपणच हवं की रेकॉर्डिंग चालेल? न्यूयॉर्कसाठी केलेलं कॅलिफोर्निया धरतं का? आणि आपल्या मध्य प्रदेशात याची कुठे नोंद होते का? वेबसाइटी वाचून डोकं भणाणलंय.


जुनी_इंदूर

ताई, कोर्स शोधण्याआधी एका कागदावर तिघांची नावं लिहा आणि प्रत्येकापुढे कोणाचं किती देणं आहे ते मांडा. ‘सगळ्यांसाठी एकच’ असं या प्रकारात काही नसतं. कोर्स एक असू शकतो, पण लॉगिन, सर्टिफिकेट आणि हिशेब तिघांचे तीन.

पडद्याचं उत्तर आधी देतो. एका लॉगिनवर तिघं बसलात तर सर्टिफिकेट लॉगिन असलेल्या माणसालाच मिळेल. बाकीचे दोघं हजर होते हे आयोजकाला कळायला मार्गच नाही. पडदा लावायला हरकत नाही, पण प्रत्येकाने आपल्या लॅपटॉपवर आपल्या नावाने शिरायचं, आवाज बंद ठेवायचा आणि हजेरीची बटणं स्वतः दाबायची.

आता तुमचं. न्यूयॉर्कमध्ये पहिली दोन वर्षं ‘नवा वकील’ ही वेगळी जमात आहे. एकूण 32 क्रेडिट, दर वर्षी 16, आणि त्या 16 ची फोड ठरलेली : नैतिकतेची 3, कौशल्याची 6, आणि ऑफिस-व्यवस्थापन किंवा कायद्याच्या विषयांची 7. पहिली 16 शपथेच्या पहिल्या वाढदिवसाआधी व्हायला हवीत, म्हणजे तुमच्या हातात पाच महिने. 1 जुलै 2023 पासून शपथ घेतलेल्यांना या 32 मध्येच सायबर सुरक्षेचं 1 क्रेडिटही बसवावं लागतं.

रेकॉर्डिंगचा प्रश्न तुमच्याच बाबतीत सगळ्यात नाजूक आहे. व्यवस्थापन आणि विषय यांची 7 क्रेडिट घरबसल्या रेकॉर्डिंग पाहून चालतात. नैतिकता आणि कौशल्य यांना मात्र प्रत्यक्ष वर्ग नाहीतर प्रश्न विचारता येईल असं थेट सत्र लागतं. तुमच्यासारख्यांसाठी एक खिडकी ठेवलेली आहे : अमेरिकेबाहेरच्या लॉ ऑफिसात काम करणाऱ्या नव्या वकिलांना 32 पैकी 16 पर्यंत क्रेडिट कुठल्याही मान्य पद्धतीने घेता येतात. ही 16 संपूर्ण दोन वर्षांची, दर वर्षाची नव्हेत. पहिल्याच वर्षी सगळी उधळलीत तर दुसऱ्या वर्षी रात्री जागून थेट सत्रं करावी लागतील.

आणि हे ठळक करून ठेवा : तुमच्या सर्टिफिकेटवर ‘ट्रान्झिशनल’ (म्हणजे नव्या वकिलांसाठीचा) हा शब्द पाहिजे. ‘नॉन-ट्रान्झिशनल’ लिहिलेला कोर्स कितीही उत्तम असो, तुमच्या 16 मध्ये शून्य. भागीदारांच्या आवडीचा प्रगत कर-कायद्याचा कोर्स तिघांनी मिळून घेतलात तर नेमका हाच फटका बसेल. क्रेडिट त्यांना, ज्ञान तुम्हाला.

सहकाऱ्यांचं सोपं आहे. इंग्लंडमध्ये सॉलिसिटरांचे वर्षाला 16 तास मोजायची जुनी पद्धत एसआरएने (त्यांची नियामक संस्था) 1 नोव्हेंबर 2016 ला पूर्ण बंद केली. आता तासच नाहीत. आपल्या कामात काय कमी पडतंय ते ओळखायचं, शिकायचं, शिकल्याचा काय उपयोग झाला ते लिहून ठेवायचं, आणि ऑक्टोबरात सर्टिफिकेट नवं करताना ‘हे मी केलं आहे’ असं घोषित करायचं. त्यामुळे अमेरिकन कोर्सही त्यांना चालेल, फक्त त्यांच्या कामाशी त्याचा संबंध असायला हवा. पण तास नाहीत म्हणजे नोंदही नको, असं समजून बरेच जण गाफील राहतात. नोंद साधारण अशी असावी : ‘गरज – सॉफ्टवेअर करारांतल्या दायित्व-मर्यादेच्या कलमांवर अशिलाच्या शंका वाढल्या, उत्तर देताना अडखळले. काय केलं – अमुक तारखेचं दीड तासाचं सत्र, त्यानंतर दोन निकाल वाचले. परिणाम – ऑफिसच्या नमुना करारातलं कलम बदललं.’ तीन ओळी पुरतात. नुसतं ‘वेबिनार पाहिला, 90 मिनिटं’ लिहून काही सिद्ध होत नाही.


लष्कर_ग्वाल्हेर

जुनी इंदूरवाल्या काकांनी नव्या वकिलाचं नेमकं सांगितलंय. भागीदारांचं मी घेतो, कारण दोन राज्यांची मोट बांधायची तर आकडेमोड आली.

न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षांपेक्षा जुन्या वकिलाला दर दोन वर्षांनी 24 क्रेडिट : त्यात नैतिकतेची किमान 4, विविधता आणि पूर्वग्रह-निर्मूलनाचं 1, सायबर सुरक्षेचं 1. स्वरूपाचं बंधन नाही, चोवीसच्या चोवीस रेकॉर्डिंग पाहून केली तरी चालतं. नोंदणी दर दोन वर्षांनी, वाढदिवसानंतर 30 दिवसांच्या आत. जास्तीची 6 पर्यंत पुढच्या फेरीत नेता येतात.

कॅलिफोर्नियात दर तीन वर्षांनी 25 तास. नैतिकता 4, पूर्वग्रह-निर्मूलन 2 (त्यातला 1 नकळत होणाऱ्या पूर्वग्रहाचा), वकिलाची क्षमता आणि स्वास्थ्य 2, आणि अलीकडे तंत्रज्ञान 1 आणि सौजन्य 1. तीन वर्षांची फेरी कुणाची कधी संपते ते आडनावाच्या पहिल्या अक्षरावर : ए ते जी, एच ते एम, एन ते झेड असे तीन गट आहेत. तिथे किमान 12.5 तास ‘सहभागाचे’ हवेत, स्व-अभ्यासाचे 12.5 च्या वर धरत नाहीत.

इथे एक गैरसमज सर्रास दिसतो. ‘सहभागाचा’ म्हणजे थेट, असं लोक धरून चालतात. तसं नाही. आयोजक तुमची हजेरी तपासतो का, एवढाच कॅलिफोर्नियाचा निकष. रेकॉर्डिंग असलं तरी मध्येमध्ये हजेरी तपासून आयोजकाने सर्टिफिकेट दिलं तर तो सहभागाचा तास. आणि सर्टिफिकेट न देणाऱ्या साइटवर पाहिलेलं भाषण स्व-अभ्यासातच जातं. न्यूयॉर्कच्या नव्या वकिलाला ‘थेट’ हवं आणि कॅलिफोर्नियाच्या जुन्याला ‘तपासलेलं’ हवं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता तास. न्यूयॉर्कचं क्रेडिट 50 मिनिटांचं, कॅलिफोर्नियाचा तास 60 मिनिटांचा. 150 मिनिटांचं सत्र न्यूयॉर्कात 3 भरतं, कॅलिफोर्नियात अडीच. 75 मिनिटांचं न्यूयॉर्कात दीड, कॅलिफोर्नियात सव्वा. म्हणून एका राज्याचा आकडा उचलून दुसऱ्याच्या रकान्यात टाकू नका, मिनिटांवरून पुन्हा मोजा. न्यूयॉर्कची 24 क्रेडिट म्हणजे 1200 मिनिटं दोन वर्षांत, वर्षाला 600. कॅलिफोर्नियाचे 25 तास म्हणजे 1500 मिनिटं तीन वर्षांत, वर्षाला 500. म्हणजे भागीदारांनी दोन्हीकडे मान्य असलेले कोर्स वर्षाला 600 मिनिटं केले की कॅलिफोर्नियाची बेरीज आपोआप भरते. महिन्याला तास-पाऊण तास. कुरकुर करण्यासारखं काही नाही.

बेरीज भरली तरी रकाने भरतातच असं नाही. न्यूयॉर्कचं विविधतेचं 1 क्रेडिट 50 मिनिटांचं, कॅलिफोर्नियाला त्याच विषयाचे दोन तास हवेत आणि त्यातला एक ठरावीक प्रकारचा. सायबर सुरक्षेचा न्यूयॉर्कचा कोर्स कॅलिफोर्नियाच्या तंत्रज्ञानाच्या रकान्यात जाईल की सामान्य तासांत, हे आयोजकाने कॅलिफोर्नियासाठी त्याला काय नाव दिलंय त्यावर. क्षमतेचे आणि सौजन्याचे तास न्यूयॉर्कच्या यादीत वेगळे नाहीतच, ते कॅलिफोर्नियासाठी मुद्दाम शोधावे लागतात. माझं मत : आधी कॅलिफोर्नियाचे असले सुटे तास उरका, मग मोठे कोर्स घ्या. लोक उलट करतात आणि शेवटच्या आठवड्यात एका तासाच्या ‘सौजन्या’साठी सौजन्य सोडून बोलतात.

दोन्ही राज्यं इतर काही अधिकारक्षेत्रांनी मान्य केलेले कोर्सही धरतात, त्याच्या याद्या त्यांच्या साइटवर आहेत. तरी सरळ मार्ग हाच : नाव नोंदवतानाच आयोजकाच्या फॉर्मवर दोन्ही राज्यांच्या खुणा करा, दोन्हीकडचे नोंदणी क्रमांक भरा आणि दोन वेगळी सर्टिफिकेटं घ्या. कोर्स झाल्यावर ‘दुसऱ्या राज्याचंही द्या’ म्हटलं तर काही आयोजक देतात, काही हात वर करतात.

आणि भागीदारांना एक विचारा : न्यूयॉर्कचं काम ते खरंच करतात का? न्यूयॉर्कमध्ये वकिली न करणाऱ्याला सीएलईतून सूट आहे. वकिली म्हणजे विशिष्ट अशिलाला, विशिष्ट परिस्थितीत सल्ला देणं किंवा त्याची बाजू मांडणं. सूट आपोआप लागत नाही, नोंदणीच्या फॉर्मवर तसं प्रमाणित करावं लागतं, आणि नोंदणी व तिची 375 डॉलर फी काही सुटत नाही. पण इंदूरमध्ये बसून न्यूयॉर्कच्या कायद्याने करार लिहून देत असतील तर ‘मी तिथे राहत नाही’ एवढ्यावर सूट गृहीत धरू नका, सीएलई बोर्डाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या. कॅलिफोर्नियात तर राहण्याचा प्रश्नच येत नाही. सनद चालू असेल तर जगाच्या पाठीवर कुठेही असा, तास भरा. सनद ‘इनॲक्टिव्ह’ करून घेतली तरच सुटका, पण मग कॅलिफोर्नियाची वकिलीही बंद.


रामबाग_इंदूर

काका, दादा, दोघांचेही आभार. ट्रान्झिशनलचं माहीतच नव्हतं, भागीदारांनी निवडलेला कोर्स उघडून पाहिला, खाली बारीक अक्षरात ‘नॉन’ लिहिलंय! आता पुढचं : हजेरीची बटणं, कोड वगैरे नक्की कसं असतं? आणि आपल्याकडे किती वाजता?


तीन_पुलिया

वेळेचं आधी. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. तिथली घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. म्हणजे 2026 मध्ये 8 मार्च आणि 1 नोव्हेंबर. जेवणाच्या सुट्टीतलं, दुपारी 12 चं न्यूयॉर्कचं सत्र उन्हाळ्यात आपल्याकडे रात्री 9.30 ला, हिवाळ्यात 10.30 ला. सकाळी 9 चं असेल तर संध्याकाळी 6.30 किंवा 7.30, ऑफिस सुटल्या सुटल्या. नव्या वकिलाने हीच सकाळची सत्रं पकडावीत. कॅलिफोर्नियाचं दुपारी 12 चं म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटून 12.30 किंवा 1.30, तारीखही दुसरी. त्या वेळी सराफ्यातल्या खाऊगल्लीत जागं असणं वेगळं आणि ट्रस्ट अकाउंटच्या नियमांवर जागं राहणं वेगळं. भागीदारांनी कॅलिफोर्नियासाठी हजेरी तपासणारं रेकॉर्डिंगच घ्यावं.

लंडनची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात, न्यूयॉर्कच्या तारखांशी जुळत नाहीत. मार्चमधले दोन-तीन आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा न्यूयॉर्क-लंडनमधला नेहमीचा फरक धरलात तर सत्र तासाने चुकतं. कॅलेंडरमध्ये वेळ टाकताना न्यूयॉर्कचा टाइम झोन निवडून टाका, मनाने साडेनऊ मिळवू नका.

आता कोड. न्यूयॉर्कसाठीच्या रेकॉर्डिंगमध्ये मध्येच एक कोड सांगतात किंवा पडद्यावर दाखवतात. अक्षरं-आकडे मिळून असतो. तो लिहून घ्यायचा आणि शेवटी प्रतिज्ञापनाच्या फॉर्मवर भरायचा, ‘मी संपूर्ण कार्यक्रम ऐकला’ म्हणून सही करायची. कोड चुकला तर फॉर्म परत येतो. कधी येईल ते सांगत नाहीत, म्हणून पुढे ढकलत पाहणाऱ्याचा हटकून चुकतो. बोलणाऱ्याचा उच्चार कळला नाही तर ‘बी’ की ‘डी’ असा घोळ होतो, तेव्हा कोड आला ते व्हिडिओचं मिनिटही टिपून ठेवा, परत जाऊन ऐकता येतं. थेट सत्रात ती सोय नसते. तिथे चॅटमध्ये लगेच विचारा.

थेट सत्रात दुसरा प्रकार : मधूनमधून चौकट उगवते, ‘आपण हजर आहात का?’ थोडक्या वेळात दाबावी लागते. ब्राउझरने पॉप-अप अडवलेले असतील तर ती दिसतच नाही आणि तुम्ही पूर्ण दोन तास बसूनही गैरहजर ठरता. आदल्या दिवशी चाचणी दुव्यावर तपासा. फुलस्क्रीनवर दुसरी फाइल उघडून काम करत बसलात तरी चौकट मागे दडते.

पूर्ण बसणं हे ध्यानात ठेवा. न्यूयॉर्कमध्ये सत्राला उशिरा आलात किंवा आधी उठलात तर त्या सत्राचं अर्धंमुर्धं क्रेडिट मिळत नाही. तीन सत्रांच्या कार्यक्रमात दोन पूर्ण केलीत तर दोनचं मिळतं, ही गोष्ट निराळी. म्हणून दहा मिनिटं आधी शिरा. राउटरला इन्व्हर्टरवर ठेवा, आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून पाहिलेला असू द्या. लाइट गेल्यावर पासवर्ड शोधत बसलात तर सात-आठ मिनिटं सहज जातात. लाइन तुटलीच तर परत शिरल्याबरोबर चॅटमध्ये वेळ लिहा : ‘9.52 ला तुटली, 9.54 ला आलो.’ आयोजकाकडे लॉग असतो, तुमच्याकडे हा लेखी पुरावा.

नावाचं विसरू नका, आपल्या लोकांचं इथेच अडतं. पासपोर्टवर नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. शपथेच्या वेळी न्यूयॉर्कच्या नोंदणीत मधलं नाव गळलेलं किंवा नुसतं एक अक्षर. झूमवर ‘सौ. अमुक’ किंवा फोनचं नाव. सर्टिफिकेटवर छापून येतं ते झूमचं. नोंदणीत जसं आहे तसंच, अक्षर न अक्षर, खात्यात घाला. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर आधी अटर्नी नोंदणीत बदला, मग कोर्सच्या खात्यात. उलट क्रमाने केलं की तपासणीच्या वेळी दोन व्यक्ती दिसतात.

सर्टिफिकेट हातात आलं की त्यावरच्या या गोष्टी लगेच वाचा : आयोजकाचं नाव, कोर्सचं नाव, तारीख (अमेरिकेची, आपली नव्हे), स्वरूप, प्रत्येक प्रकारची क्रेडिट वेगवेगळी, आणि न्यूयॉर्कसाठी ट्रान्झिशनल की नॉन. ‘एकूण 3’ एवढंच लिहिलं असेल तर त्याच दिवशी फोड मागा. सहा महिन्यांनी आयोजकाच्या ऑफिसात कुणाला काही आठवत नाही. न्यूयॉर्कला सर्टिफिकेटं पाठवायची नसतात, पण चार वर्षं जपून ठेवायची असतात. फाइलचं नाव ‘सर्टिफिकेट (3) अंतिम’ असं न ठेवता तारीख, राज्य, प्रकार, क्रेडिट या क्रमाने ठेवलंत तर नोंदणीच्या दिवशी फोल्डरवर नजर टाकूनच बेरीज होते.


अलकापुरी_बडोदे

कॅनडा-ऑस्ट्रेलियाचं कुणी विचारलं नाही, पण दुवा शोधत येणाऱ्यांसाठी लिहून ठेवते. आँटॅरिओत कॅलेंडर वर्षाला 12 तास, त्यात व्यावसायिकतेचे किमान 3, मुदत 31 डिसेंबर. रेकॉर्डिंग एकट्याने पाहिलं तर 6 तासांपर्यंतच धरतात. सहकाऱ्याबरोबर बसून पाहिलं तर ती मर्यादा नाही. न्यू साउथ वेल्समध्ये 1 एप्रिल ते 31 मार्च असं वर्ष, 10 युनिट, आणि नैतिकता, व्यवस्थापन, कौशल्य, कायदा या चारही क्षेत्रांत किमान एकेक. रेकॉर्डिंगचा खाजगी अभ्यास 5 युनिटांपर्यंत. तिथलं वर्ष आपल्या आर्थिक वर्षाशी जुळतं, लक्षात ठेवायला तेवढंच बरं.

पैशांचं कुणी बोललं नाही. 1 ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डं परदेशी आणि ऑनलाइन वापरासाठी बंदच येतात. बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ दोन्ही चालू करा, मर्यादाही वाढवा. नुसतं एक केलं की पैसे कापले जात नाहीत आणि साइट ‘कार्ड नाकारलं’ एवढंच म्हणते. वर्षभराची वर्गणी आपोआप कापली जाईल यावर विसंबू नका : 15,000 रुपयांवरच्या आवर्ती वसुलीला दर वेळी ओटीपी लागतो. परदेशी साइटला तो मागता आला नाही तर वर्गणी गुपचूप संपते आणि मुदतीच्या आठवड्यात कोर्स उघडत नाही. नूतनीकरणाची तारीख स्वतः लिहा आणि हाताने भरा. बँकेचं चलन-बदलाचं शुल्कही किमतीत धरा, पावतीवर डॉलर आणि स्टेटमेंटवर रुपये जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका.

महाग वाटत असेल तर न्यूयॉर्कच्या मान्यताप्राप्त आयोजकांना आर्थिक अडचणीसाठी सवलतीचं धोरण ठेवावंच लागतं. बहुतेकांच्या साइटवर तळाशी असतं, अर्ज एका पानाचा. मागायला लाजू नये.


जुनी_इंदूर

मध्य प्रदेशचा प्रश्न राहिला. आपल्याकडे वकिलांना इतके तास भरा नाहीतर सनद थांबेल, अशी देशभर सक्ती नाही. ॲडव्होकेट्स ॲक्ट, 1961 ने कायद्याच्या शिक्षणाचा दर्जा बघायचं काम बार कौन्सिलकडे दिलंय, पण क्रेडिटची वही नाही. त्यामुळे जबलपूरला काही कळवायचं नाही आणि तिथून काही मिळायचंही नाही. न्यूयॉर्कची सर्टिफिकेटं इथे उपयोगाची नाहीत आणि इथल्या वकील संघाच्या व्याख्यानाचं हजेरीपत्रक तिथे धरत नाहीत.

एक गल्लत वारंवार होते म्हणून स्पष्ट सांगतो. दूरशिक्षणाने सीएलई करणं आणि दूरशिक्षणाने वकील होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पत्राचाराने केलेल्या एलएल.बी.वर इथे सनद मिळत नाही. ‘ऑनलाइन चालतं’ हे वाक्य ऑफिसातल्या शिकाऊ मुलांच्या कानावर अर्धवट पडू देऊ नका.

तासांचा हिशेब आपल्याकडे लागतो तो मध्यस्थीत. सुप्रीम कोर्टाच्या मध्यस्थी समितीचं प्रशिक्षण 40 तासांचं असतं. 2023 च्या मध्यस्थी कायद्यानंतर त्याकडे ओढा वाढलाय. ते करायचं तर स्वतंत्र करा, न्यूयॉर्कच्या कौशल्याच्या 6 मध्ये ते बसेल असं मनाशी धरू नका.

आणि न्यूयॉर्कबद्दल एक राहिलं. मान्यताप्राप्त कार्यक्रमात व्याख्यान दिलं तर जुन्या वकिलाला दर 50 मिनिटांना 3 क्रेडिट मिळतात. भागीदारांना भारतीय करार कायद्यावर तिथल्या एखाद्या वेबिनारात बोलावलं तर नाही म्हणू नका म्हणावं. 100 मिनिटांत 6.


रामबाग_इंदूर

मग मी असं ठरवलंय, चुकत असेल तर कान धरा. पाच महिन्यांत : नैतिकतेची 3 थेट, संध्याकाळी साडेसहाच्या दोन सत्रांत. कौशल्याची 6 सुद्धा थेटच, 100 मिनिटांची तीन सत्रं. उरलेली 7 रेकॉर्डिंगने, त्यातच सायबरचं 1. म्हणजे परदेशातल्या ऑफिसाची ती 16 ची सवलत मला अजून वापरावीच लागणार नाही?


लष्कर_ग्वाल्हेर

कान धरण्यासारखी एकच गोष्ट. ती 16 ‘कुठल्याही पद्धतीने घेतलेली’ अशी मोजतात, आणि रेकॉर्डिंगची तुमची 7 त्यातच येतील असं धरून चला. म्हणजे दुसऱ्या वर्षासाठी 9 उरतील. 7 विषयांना, 2 जपून ठेवा, एखादं थेट सत्र चुकलंच तर कौशल्यासाठी. बाकी बेत बरोबर आहे, पण 100 मिनिटांची सत्रं निवडताना बघा : जाहिरातीत ‘दोन तास’ आणि मध्ये वीस मिनिटांची सुट्टी असते. सुट्टीची मिनिटं क्रेडिटमध्ये येत नाहीत. प्रास्ताविक आणि आभार वजा करून 100 च्या खाली गेलं तर 2 च्या जागी दीडच हातात पडतं, आणि अर्ध्या क्रेडिटसाठी मग आणखी एक संध्याकाळ.


रामबाग_इंदूर

कार्यक्रमपत्रिका मागवली. सुट्टी पंधरा मिनिटांची, निव्वळ 105. नाव नोंदवतेय, मधल्या नावाशिवाय, नोंदणीत आहे तसं.